गल्ल्यामागची तसबीर कोणासाठी उतरवायची?

शिरूर येथे नगर रस्त्याच्या कडेला आमच्या एका भाच्याने चहा-नाष्ट्याचे छोटेसे दुकान थाटले. गाळा भाड्याचा, भांडी निम्मी उसनी, आणि भांडवल म्हणजे आईच्या बांगड्या व कारखान्यातील चार वर्षांच्या मजुरीतून मागे राहिलेली रक्कम. दुकान उघडण्याच्या आदल्या दिवशी त्याने गल्ल्यामागच्या भिंतीवर भगवान बुद्धांची व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर लावली. सायंकाळी घरातील एक वडीलधारे गृहस्थ आले, भिंतीकडे पाहून क्षणभर थबकले आणि म्हणाले, "बाळा, या तसबिरी आतल्या खोलीत लाव. पाटीवर 'मोरया' लिही. गिऱ्हाईक यायला पाहिजे ना?"

हे गृहस्थ भेकड नव्हेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला आहे. विहाराच्या वर्गणीत त्यांचे नाव नेहमी पहिले असते. म्हणूनच त्यांचा सल्ला आम्हांस अधिक बोचला. आणि तो एका घरापुरता नाही. शिरूर, शिक्रापूर, दौंड, केडगाव, कुरकुंभ, जेथे जेथे आमच्या तरुणाने नोकरीची वाट पाहणे सोडून चार पैशांचा धंदा मांडला, तेथे तेथे कोणी ना कोणी त्याच्या कानाशी लागून हेच सांगितले आहे. दुकानाला साईचे नाव दे, मल्हाराचे दे, मोरयाचे दे. गायकवाड, जाधव, शिंदे, भोसले ही आडनावे दोन्हीकडची आहेत, विचारलेच तर मोघम बोल. निळा रंग पाटीला नको. धंद्यात धर्म कशाला?

या सल्ल्यामागचा विचार आम्ही प्रथम न्यायाने मांडू. बाजारात चढाओढ आहे. एका चौकात चहाच्या सहा गाड्या उभ्या असतात आणि सहाही गाड्यांवरचा चहा थोड्याफार फरकाने सारखाच असतो. अशा वेळी गिऱ्हाइकाला दुसऱ्या गाडीकडे वळण्यास कारण लागत नाही, निमित्त पुरते. मग ते निमित्त आपण होऊन भिंतीवर का टांगावे? पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याच्या जिवावर आपण स्वाभिमान का मिरवावा? हा सवाल खरा आहे आणि त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही.

भीतीही निराधार नाही. बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईस परतले, त्यानंतर १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी शेअरबाजारातील लोकांना सल्ला देणारी एक पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेला तसा सल्लागार त्या वेळी मुंबईत कितीसे सापडले असते? तथापि सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे समजताच येणारे येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. येथे चहा नव्हता, पाणी नव्हते, भाकरी नव्हती. कागदावरचे आकडे होते. आकड्यांनाही विटाळ होऊ शकतो हे त्या बाजाराने सिद्ध केले. ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल, तर त्याने २०१७ चा सप्टेंबर आठवावा. पुण्यासारख्या शहरात, स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपली जात लपवली म्हणून पोलिसांकडे तक्रार नोंदवण्यात आली. ती बाई ब्राह्मण नव्हती, एवढाच तिचा अपराध. बोभाटा झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. पण तक्रार करावीशी वाटली, ही गोष्ट मागे घेता येत नाही.

आता कायद्याकडे पाहू, कारण आमचे नवदीक्षित बांधव अडचण आली की प्रथम कायद्याकडे पाहतात आणि ते योग्यच आहे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले सर्व नागरिकांस खुली केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव आहे, आम्हांस दाराबाहेर उभे करणाऱ्या हॉटेलवाल्याला शिक्षा ठेवली. परंतु हे सर्व कायदे कोणत्या बाजूने लिहिलेले आहेत ते नीट पाहा. आम्ही गिऱ्हाईक आहोत आणि दुकानदार तो आहे, असे धरून ते लिहिलेले आहेत. दुकानदार आम्ही आणि गिऱ्हाईक तो, अशी पाळी आली म्हणजे कायदा मुका होतो. १९ व्या अनुच्छेदाने कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला; त्या धंद्याकडे कोणाची पावले वळवण्याची सत्ता कोणत्याही अनुच्छेदात नाही आणि असूही शकत नाही. चहा कोठे प्यावा हे ज्याचे त्याने ठरवायचे.

न येणाऱ्या गिऱ्हाइकाचे सामर्थ्य केवढे असते, हे शिरूर तालुक्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. डिसेंबर १८७४ मध्ये याच तालुक्यातील कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख नावाच्या कर्जबाजारी शेतकऱ्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडले. (हे बाबासाहेब निराळे, वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये.) गाव खवळले, पण प्रथम त्याने हात उगारला नाही. त्याने सावकारांच्या दुकानातून माल घेणे बंद केले. त्यांची शेते कसण्यास कोणी जाईना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांनी त्यांची कामे सोडली. घरगडी निघून गेले. आणि त्रासून तालुक्याच्या ठिकाणी निघालेल्या सावकारांना गाडी हाकण्यास माणूस मिळेना. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांच्या गावांतून पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा पेटला, दप्तरे जळाली आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. इतिहासकार दंग्याविषयी अधिक लिहितात, कारण दंग्यात ज्वाळा असतात. आम्हांस मात्र त्याआधीचे ते शांत महिने महत्त्वाचे वाटतात. तराजू आहे, माल आहे, मालक गादीवर बसला आहे, आणि उंबऱ्यापाशी कोणी नाही.

हेच शस्त्र पुढे आमच्यावर चालले. पाणवठ्यावर हक्क सांगितला, मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, की गावचा वाणी मीठ-मिरची देईनासा होई. म्हणूनच १९३० च्या गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी व रावबहादुर श्रीनिवासन यांनी जे निवेदन ठेवले, त्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा अपराध ठरला, आणि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जेथे पंच बसतात, दवंडी पिटतात, दंड लावतात, तेथे या कायद्यांचा आधार अवश्य घ्यावा. त्यात लाज नाही. पण आमच्या भाच्याच्या दुकानासमोरून जो माणूस चालता चालता तसबिरीकडे नजर टाकतो व पुढच्या गाडीपाशी थांबतो, त्याने कोणता गुन्हा केला? कोणी पंच बसले नाहीत, कोणी दवंडी दिली नाही. त्याने फक्त चहा दुसरीकडे घेतला.

तर मग तसबीर उतरवावी काय?

आमचे उत्तर नाही असे आहे, आणि ते केवळ स्वाभिमानाचे उत्तर नव्हे. ते हिशेबाचेही आहे.

पहिली गोष्ट, लपवणे साधत नाही. शिरूर किंवा दौंड म्हणजे मुंबई नव्हे. येथे आडनाव सांगितले की पुढचा प्रश्न येतो, गाव कोणते. आणि गाव सांगितले की तिसरा, घर कोणत्या आळीला. तीन प्रश्नांत माणूस उघडा पडतो. आता तर प्रश्नांचीही गरज उरली नाही. गिऱ्हाईक आपला भ्रमणध्वनी गल्ल्यावरच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या नक्षीवर धरते, आणि पैसे चुकते होण्याआधी मालकाचे नाव आडनावासकट पडद्यावर उमटते. पाटीवर 'मोरया' आणि पडद्यावर खरे नाव! मग ज्याला अढी आहे तो नुसता जात नाही, फसवले गेल्याची फुशारकी मारीत जातो. पुण्याच्या त्या तक्रारीत तरी दुसरे काय होते? जातीचा प्रश्न विचारणारी व्यक्ती तेथे फिर्यादी झाली आणि पोटासाठी खोटे बोलणारी आरोपी झाली. लपवणारा आपल्या हाताने समोरच्याला हे नैतिक आसन देतो.

दुसरी गोष्ट, लपवण्याचा खर्च रोज भरावा लागतो. दुकानात ओळखीचा माणूस येऊन मोठ्याने जयभीम म्हणाला तर मालकाने खाली मान घालून हळूच उत्तर द्यायचे. लेकरू शाळेतून येऊन गल्ल्याशी बसले तर त्याला बजावायचे, की विहारातल्या गोष्टी येथे बोलू नकोस. ज्या मुलाला हे बजावले, त्याला आपण २२ प्रतिज्ञांतील कोणती शिकवली? आणि मिळते काय, तर गिऱ्हाइकांतील तो भाग, जो सत्य कळताच जाणारच आहे. त्याच्यासाठी जो भाग टिकणारा, म्हणजे आपली माणसे, प्रवासी, कामगार, आणि ज्यांना चहाशी मतलब आहे असे पुष्कळ स्पृश्य हिंदूही, त्या सर्वांसमोर रोज नाटक करायचे. वाण्याच्या हिशेबानेसुद्धा हा सौदा तोट्याचा आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. दुकानदाराने आपली जात किंवा धर्म पाटीवर लिहिलाच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. तशी सक्ती ही दुसरीच दुष्ट गोष्ट आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशात व उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावे लावण्याचे फर्मान निघाले होते; सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्यास स्थगिती देऊन सांगितले, की कोणते अन्न मिळते ते लावा, नावाची सक्ती नको. हा दंडक आम्हांस मान्य आहे. पाटी गिऱ्हाइकासाठी असते. तीवर माल लिहावा, भाव लिहावा, वेळ लिहावी. भिंत मालकाची असते. ज्याच्या प्रेरणेने तो मजुरीतून गल्ल्यावर आला, त्याची तसबीर तेथे असावी, आणि ती असते म्हणून कोणी न आला तर न येवो.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकीकत अनेकांस ठाऊक असेल. महाराजांच्या पदरी नोकरी करणाऱ्या या माणसाने स्पृश्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला नोकरीतून मोकळे करून धंदा काढण्यास सांगितले व पैसा दिला. भाऊसिंगजी रस्त्यावर त्याने चहाचे हॉटेल उघडले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक नाही. तेव्हा महाराजांनी काय केले? त्यांनी गंगारामला नाव बदल असे सांगितले नाही, आडबाजूला जा असे सांगितले नाही. त्यांनी आपली गाडी भर रस्त्यात त्या हॉटेलासमोर उभी केली, चहा मागवला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. पुढे सोडा तयार करण्याचे यंत्रही दिले. गिऱ्हाईक कसे आणावे याचा याहून उघडा धडा महाराष्ट्रात दुसरा नसेल. लपवून नव्हे, बसून.

पण महाराज १९२२ साली निवर्तले, आणि शिरूरच्या चौकात कोणी छत्रपती गाडी थांबवणार नाही. तेथे पहिला पेला कोणी प्यायचा? तो आपणच प्यायचा. आणि येथे आम्हांस आपल्याच घरात थोडे कठोर बोलणे भाग आहे.

आपला माणूस दुकान काढतो तेव्हा आपण उद्घाटनाला जातो, हार घालतो, फुकटचा चहा घेतो आणि फोटो काढून सर्वत्र पाठवतो. दुसऱ्या दिवशी महिन्याचा किराणा मोठ्या बाजारातून रोखीने आणतो किंवा भ्रमणध्वनीवरून मागवतो. त्यानंतर आपल्या माणसाच्या दुकानाची आठवण केव्हा येते? हात रिकामा असतो तेव्हा. 'जयभीम, लिहून ठेव!' रोख तिकडे आणि उधार इकडे, ही आपली बंधुता. ज्या दुकानाला गिऱ्हाईक न आल्याने झळ लागली नाही, ते आपल्या उधारीने बसले, असे आम्ही दौंडला पाहिले आहे आणि शिरूरलाही पाहिले आहे. बहिष्कार घालणाऱ्याने निदान माल नेला नव्हता.

उलट बाजूही तेवढीच बोचरी आहे. आपले काही दुकानदार समजतात, की गल्ल्यामागे तसबीर लावली म्हणजे समाजाचे गिऱ्हाईक बांधले गेले. मग पोहे कालचे, पेला विसळलेला न विसळलेला, कापड एका धुण्यात विटणारे, मंडपवाला लग्नाच्या सकाळी दोन तास उशिरा. आणि बोलाल तर म्हणतात, आपल्या माणसाला आपणच नावे ठेवायची काय? होय, ठेवायची. तसबिरीच्या आड उभे राहून जो खोटे माप देतो, त्याने ती तसबीर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी लावली आहे, आणि त्याने ती खरोखरच उतरवावी. चोरी करणार नाही व खोटे बोलणार नाही या प्रतिज्ञा तराजूपाशी संपत नाहीत.

आमच्या लोकांना दुकानदारीचा हात नाही हे आम्ही नाकारीत नाही. तो कोठून असणार? ज्या समाजाला शतकानुशतके पगार म्हणून बलुते व शिळी भाकरी मिळाली, ज्याची महारकी वतने मोडण्यास १९५८ चा कायदा यावा लागला, त्याच्या आजोबाने गल्ला पाहिलाच नव्हता. घेण्याचा भाव व विकण्याचा भाव यांतील अंतरावर माणूस जगतो, ही गोष्टच त्याला परकी होती. मारवाडी वा गुजर दुकानदाराचा मुलगा सहाव्या वर्षी पुड्या बांधतो आणि बाराव्या वर्षी उधारीची वही वाचतो. त्याचा द्वेष करण्यात अर्थ नाही. त्याच्या दुकानी शिरूरचा शेतकरी का जातो ते पाहा: तेथे मागितलेली वस्तू मिळते, पहाटे दार उघडे असते, आणि मालक स्वतः गल्ल्यावर असतो.

या गोष्टी सांगण्यास परक्या पुस्तकाची गरज नाही. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात पापणिक नावाची दोन सुत्ते आहेत. पापणिक म्हणजे दुकानदार. दृष्टान्त भिक्षूंसाठी दिला आहे, पण तो ज्यावरून घेतला त्या बाजाराची भगवंतांना केवढी बारीक ओळख होती ते पाहून मन थक्क होते. पहिल्यात सांगितले आहे, की जो दुकानदार सकाळी, दुपारी व सायंकाळी आपल्या कामात मन घालीत नाही त्याला संपत्ती मिळत नाही आणि मिळालेली वाढत नाही. दुसऱ्यात त्याचे तीन गुण दिले आहेत. त्याला डोळे हवेत, म्हणजे हा माल एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला, तर मूळ किती व नफा किती हे त्याला दिसले पाहिजे. घेण्यात व विकण्यात तो कुशल हवा. आणि त्याला आश्रय हवा: गावातील धनिक गृहस्थांना वाटले पाहिजे, की हा शहाणा आहे, बायकामुलांना पोसून आमचे पैसे वेळच्या वेळी परत करील, आणि त्यांनी आपण होऊन त्याला भांडवल देऊ करावे. कर्ज मागणाऱ्याची पत ही दुकानाच्या शिस्तीतून येते, ही गोष्ट बँकांच्या पुष्कळ आधी सांगितलेली आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीनडीसाठी, असा हिशेब दिला आहे. आमच्या घरांत चारही भाग कित्येकदा एका लग्नात जातात.

डोळे असणे म्हणजे शिरूर-दौंडात काय? शिरूर तालुक्यातील रांजणगावची औद्योगिक वसाहत पाळ्यांवर चालते. रात्रपाळी सुटून कारेगावच्या खोल्यांकडे परतणारा कामगार मराठवाड्यातील असेल, विदर्भातील असेल, बिहारातील असेल. तो दुकानदाराची आळी विचारीत बसत नाही, कारण त्याला पोटात आग आणि डोळ्यांवर झोप असते. त्या घटकेला ज्याचे दुकान उघडे, गरम आणि स्वच्छ, तो त्याचा. सात वाजता दार उघडणाऱ्याला तो कधी दिसतच नाही, आणि मग तो म्हणतो जात आडवी आली. कधी जात आडवी येते आणि कधी झोप. दोहोंतील फरक प्रामाणिकपणे ओळखला पाहिजे. दौंडचे गणित निराळे. ते जंक्शन आहे. मनमाडकडची वाट तेथे फुटते. गाडी बदलणारा माणूस हातात पिशवी घेऊन वेळ मोजीत असतो. तेथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, जवळ कुरकुंभचे रासायनिक कारखाने आहेत, आणि तालुक्यात ऊस व गुऱ्हाळे आहेत, म्हणजे हंगामात मजुरांचे तांडे. गणवेश शिवणारा, मोटारीचे वायंडिंग करणारा, पंप दुरुस्त करणारा, गुऱ्हाळाच्या कढईला डाग देणारा कारागीर यांना येथे काम आहे. ज्याचा पंप भर उन्हाळ्यात बंद पडला तो दुरुस्त करणाऱ्याची जात विचारायला थांबत नाही, ऊस वाळत असतो.

यावरून काही शहाणे निष्कर्ष काढतात, की आमच्या तरुणांनी खाद्यपदार्थांच्या वाटेस जाऊ नये. जेथे शिवाशिवीचा प्रश्न नाही तेच धंदे करावेत. ज्याच्यापाशी एकच डाव खेळण्यापुरते भांडवल आहे त्याने वायंडिंगचे दुकान आधी काढले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण सर्वांनीच हा धंदा सोडावा हे आम्हांस मान्य नाही. अस्पृश्यता लोखंडात नव्हती, ती अन्नपाण्यात होती आणि आज जी काही उरली आहे ती तेथेच दडून आहे. ती पंपाच्या दुकानात बसून कशी मोडणार? आणखी एक प्रश्न रांजणगावच्या महागणपतीच्या वाटेवरील आमच्या माणसांना पडतो: नारळ-फुले विकावीत काय? नारळ, फुले, केळी ही झाडाला लागतात, ती विकावीत. ज्या मूर्तीला आपण मानत नाही ती देव म्हणून दुसऱ्याला विकणे मात्र आम्हांस प्रशस्त वाटत नाही. यावर मतभेद होईल हे आम्ही जाणतो. दारूच्या दुकानाविषयी मतभेद असू नये. पाच वर्ज्य व्यापारांत ती उघड सांगितलेली आहे.

एक गिऱ्हाईक असे आहे की जे आपली जात स्वतः विचारते आणि विचारून माल घेते: सरकार. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे ठरले आहे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, तेव्हा दीक्षा घेतली म्हणून हे दार बंद झालेले नाही. दौंडला रेल्वे दारात उभी आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, आणि दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संस्था २००५ साली पुण्यातच निघाली. चौकशी तरी किती जणांनी केली? जो चौकातल्या गिऱ्हाइकापासून नाव लपवण्यात दिवस घालवतो, त्याला या गिऱ्हाइकापुढे दाखला ठेवण्याचे सुचत नाही.

आणि १ जानेवारीविषयी बोलल्याशिवाय शिरूरच्या बाजाराविषयीचे बोलणे पुरे होणार नाही. पेरण्याच्या जयस्तंभापाशी, ज्याला मानवंदना देण्यास बाबासाहेब १९२७ साली आले होते, दरवर्षी लाखो माणसे येतात. नदीच्या अलीकडे कोरेगाव भीमा, म्हणजे शिरूर तालुका. २०१८ साली त्याच दिवशी तेथे हिंसाचार झाला, वाहने व दुकाने जळाली, आणि त्या जळण्यात कित्येकांची रोजी गेली. आजही तो जनसमुदाय येतो, शिस्तीने येतो, भुकेला असतो, तहानेला असतो, लेकरांना घेऊन असतो. पुस्तके आपली माणसे विकतात आणि ती विकली जातात, याचा आम्हांस अभिमान आहे. पण भाकरी, पाणी, चहा, लेकराची टोपी, निळा झेंडा, पंचशील ध्वज, हे सर्व कोण शिवतो, कोण रांधतो, कोण घाऊक आणून किरकोळ विकतो? तो झेंडा शिवण्याची यंत्रे शिरूरच्या आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत. पावसाळ्यात ती बंद असतात. जो ऑगस्टात कापड घेईल आणि दिवाळीपर्यंत शिवून ठेवील त्यालाच डिसेंबराच्या अखेरीस विकता येईल. त्या दिवशी एका आईने रास्त भावाची, स्वच्छ फडक्यात बांधलेली भाकर-चटणी विकली, तर तिला आपले नाव कोणापासून लपवावे लागेल?

आमच्या भाच्याने तसबिरी उतरवल्या नाहीत. पाटीवर त्याने मोठ्या अक्षरांत चहा, पोहे, मिसळ व त्यांचे भाव लिहिले आहेत आणि खाली 'पहाटे ५ पासून' असे लिहिले आहे. पहिल्या महिन्यात समोरच्या गाडीवर गर्दी आणि याच्याकडे चार माणसे असे कित्येक दिवस गेले, हे आम्ही लपवीत नाही. एक दूधवाला महिनाभर बाहेरच उभा राहून दूध देत असे. आता आत येऊन बसतो, चहा मात्र अजून घेत नाही. रात्रपाळीची दोन टोळकी ठरलेली झाली आहेत. उधारीची वही त्याने ठेवलेलीच नाही, त्यामुळे काही नातलग रुसले आहेत.

परवा ते वडीलधारे गृहस्थ सकाळी दुकानात आले. तसबिरीखालच्या बाकावर बसून त्यांनी चहा घेतला, पेला उजेडाकडे धरून पाहिला, आणि उठताना दहाची नोट पुढे केली. भाच्याने ती घेतली आणि गल्ल्यात टाकली.